जिंकला एक, वर नाव दुसऱ्याचं: मॉडिफाइड शर्यतींचा हंगाम आणि गुणतक्ता, नवख्यांसाठी

आमचे दाजी वाळव्याहून पहिल्यांदा अमेरिकेत आले. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, देवळंही झाली. मग एका शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना गाडीत घातलं आणि स्टॅफर्डला मॉडिफाइड मोटारींच्या शर्यतीला नेलं. हार्टफर्डपासून पाऊण तासाचा रस्ता. दाजी बैलगाडा शर्यतीतले दर्दी. गट, सेमी, फायनल, झेंडापंच ही त्यांची भाषा. त्यामुळे धूळ, आवाज, आरडाओरडा यांचं त्यांना काही अप्रूप नव्हतं. अडीच-तीन तास मान इकडून तिकडे फिरवत त्यांनी सगळी शर्यत मन लावून पाहिली. शेवटी जिंकलेला ड्रायव्हर गाडीच्या टपावर उभा राहून हात हलवत होता, तेव्हा लाउडस्पीकरवर हंगामाचे गुण सांगायला सुरुवात झाली. पहिलं नाव निघालं ते सहाव्या आलेल्याचं.

"पाव्हणं, मैदान मारलं ह्यानं, आन् वर नाव त्याचं? पंच कुणाचा हाय?"

त्या रात्री मला नीट सांगता आलं नव्हतं. कॉलेजात आयपीएलचे गुणतक्ते तोंडपाठ असलेला माणूस मी, पण इथे गडबडलो. नंतर दोन-तीन हंगाम वही घेऊन बसलो, तेव्हा गोष्ट डोक्यात उतरली. ज्यांना हा खेळ पाहायला सुरुवात करायची आहे, त्यांनी माझ्यासारखी दोन वर्षं वाया घालवू नयेत म्हणून हे लिहितोय.

पायरी पहिली: कुठलं ‘मॉडिफाइड’ ते आधी ठरवा

‘मॉडिफाइड’ या नावाखाली अमेरिकेत निदान चार वेगळे खेळ चालतात. मिडवेस्टात मातीच्या ट्रॅकवर पळतात त्या आयएमसीए या संघटनेच्या मॉडिफाइड. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात मातीवरच्याच बिग ब्लॉक मॉडिफाइड. स्टॅफर्डला उन्हाळ्यात दर शुक्रवारी पळतात त्या एसके मॉडिफाइड, ज्या नवख्याला, आपण पुढे ज्यांच्याबद्दल बोलणार त्या गाड्यांसारख्याच दिसतात. आणि नॉर्थ कॅरोलायनात विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमवर, फुटबॉलच्या मैदानाभोवतीच्या पाव मैलाच्या पट्टीवर, १९४९ पासून चालत आलेला स्थानिक तमाशा. (तमाशा हा शब्द प्रेमानं वापरतोय. तिथे गाड्या जितक्या पळतात तितक्याच एकमेकींना ढकलतात.)

आपण बोलतोय ते ‘नासकार व्हेलन मॉडिफाइड टूर’बद्दल. नासकार म्हणजे अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था. फिरती मालिका, वेगवेगळे डांबरी ट्रॅक, वर्षभराचे गुण आणि शेवटी एक चॅम्पियन. व्हेलन ही कनेक्टिकटमधल्या चेस्टर गावची कंपनी. पोलिसांच्या आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांवरचे लुकलुकणारे दिवे ती बनवते. २००५ पासून मालिकेला तिचं नाव आहे. त्याआधी फेदरलाइट होतं आणि त्याही आधी विन्स्टन सिगारेटचं. जुने तक्ते शोधायला गेलात तर ही तिन्ही नावं एकाच मालिकेची समजा.

स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधली, घरगुती गाडी. तिच्यात हवे तसे फेरफार करायची मुभा दिली की झाली मॉडिफाइड. पूर्वी महायुद्धाआधीच्या जुन्या कूपे गाड्या भंगारातून उचलून त्यांची इंजिनं वाढवायचे. आज शोरूमशी नातं नावापुरतंच उरलंय. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, बसकी आणि रुंद बांधणी, पुढची दोन्ही चाकं मडगार्डाबाहेर उघडी. वजन सुमारे १२०० किलो आणि ताकद सहाशे अश्वशक्तीच्या वर. आपल्या स्विफ्टला ऐंशी-नव्वद असते. तेव्हा पहिल्यांदा आवाज ऐकाल त्या क्षणी पोटात काय होईल ते मी लिहून उपयोग नाही.

आणि हा नासकारचा सर्वांत जुना खेळ आहे, हे विसरू नका. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या कप मालिकेच्याही आधीचा. १५ फेब्रुवारी १९४८ ला डेटोनाच्या किनाऱ्यावर, अर्धी वाळू आणि अर्धा रस्ता अशा वाटेवर नासकारची पहिली शर्यत झाली, ती मॉडिफाइड गाड्यांचीच. रेड बायरन जिंकला. युद्धात त्याचा डावा पाय जायबंदी झाला होता, म्हणून त्याच्या गाडीच्या क्लचला खास सोय करून घेतलेली असे. त्या वर्षीचा तक्ता पुढे कामाला येणार आहे, बायरनचं नाव लक्षात ठेवा.

पायरी दुसरी: वेळापत्रक हातात घ्या, पण ट्रॅकच्या लांबीसकट

हंगाम साधारण फेब्रुवारी ते ऑक्टोबर, शर्यती साधारण पंधरा-सोळाच्या आसपास. अलीकडच्या वर्षांत सुरुवात फ्लोरिडातल्या न्यू स्मर्नाला आणि शेवट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलला होतो. मधला सगळा जीव मात्र ईशान्येत: कनेक्टिकट, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशर. ही त्या लोकांची घरची गोष्ट आहे. बाप पळायचा, आता पोरगा पळतो, आई तिकीटखिडकीवर, असं कुठेही सापडतं.

नुसत्या तारखा लिहून काही कळत नाही. प्रत्येक तारखेपुढे ट्रॅकची लांबी लिहा. लाँग आयलंडवरचा रिव्हरहेड पाव मैलाचा, म्हणजे चारशे मीटर. शाळेत आपण खेळाच्या दिवशी जी चारशेची फेरी मारायचो, नेमकी तेवढी. तेवढ्या जागेत वीस-पंचवीस गाड्या! स्टॅफर्ड अर्ध्या मैलाचा. थॉम्प्सन पाच अष्टमांश मैलाचा, म्हणजे आपला एक किलोमीटर, आणि १९४० पासूनचा. लाऊडनचा न्यू हॅम्पशर ट्रॅक एका मैलाहून थोडा मोठा. त्याच्या लांब सरळीवर गाड्या एकमेकींच्या मागे लागून वाऱ्याचा आडोसा घेतात आणि शेवटच्या फेरीत कोण पुढे येईल ते देवालाही सांगता येत नाही. मार्टिन्सव्हिल ०.५२६ मैलाचा, आकार कागदाच्या क्लिपसारखा. दोन सरळ रेघा आणि टोकाला दोन घट्ट वळणं. तिथे ब्रेक लाल होतात आणि जिंकणाऱ्याला लंबकाचं उभं घड्याळ देतात. ही घड्याळाची प्रथा १९६४ पासूनची.

लांबी का लिहायची? कारण छोट्या ट्रॅकवर गाड्या कमी येतात आणि मोठ्या ट्रॅकवर जास्त. गाड्यांची संख्या थेट गुणतक्त्याला भिडते. कशी, ते आता बघू.

पायरी तिसरी: ‘चव्वेचाळीस वजा क्रमांक’

सगळ्या लेखातलं एवढं एक जरी घेतलंत तरी चालेल. २०११ मध्ये नासकारनं आपल्या मोठ्या मालिकांत सोपी गुणपद्धत आणली आणि तीच खाली मॉडिफाइडपर्यंत उतरली. पहिल्याला ४३, दुसऱ्याला ४२, तिसऱ्याला ४१, असं एकेकानं उतरत जायचं. म्हणजे ४४ मधून तुमचा क्रमांक वजा करा. वर थोडी खिरापत: जिंकणाऱ्याला ३ जादा, एक तरी फेरी सर्वांच्या पुढे राहिलेल्या प्रत्येकाला १, आणि सर्वाधिक फेऱ्या पुढे राहिलेल्याला आणखी १.

जिंकणारा शेवटची फेरी पुढेच असतो, म्हणून त्याला कमीत कमी ४७ आणि जास्तीत जास्त ४८. दुसरा आलेला साधारण ४२ वर. म्हणजे पहिल्या-दुसऱ्यात फरक फार तर पाच-सहाचा.

आता पंचवीस गाड्यांच्या शर्यतीत दहाव्या फेरीला कोणीतरी तुम्हाला भिंतीत घातलं आणि तुम्ही पंचविसावे आलात. ४४ वजा २५, हातात १९. पाचवे आला असतात तर ३९ होते. एका धडकेत वीस गेले. हे वीस जिंकून परत मिळवायचे म्हटलं, आणि प्रतिस्पर्धी प्रत्येक वेळी तुमच्या मागोमाग दुसरा येत राहिला, तर सलग चार वेळा जिंकावं लागेल. दाजींना हे पटवायला पुढे मी बिलाच्या पाठीमागे हिशोब मांडला होता. तोच इथे देतो.

दोन ड्रायव्हर घ्या, अण्णा आणि बापू. पाच शर्यती. अण्णा तीन जिंकला, दोनदा धडकला.

अण्णा: ४७, १९, ४७, २०, ४७. बेरीज १८०.

बापू: तिसरा, चौथा, दुसरा, पाचवा, तिसरा. म्हणजे ४१, ४०, ४२, ३९, ४१. बेरीज २०३.

बापूनं एकही शर्यत जिंकलेली नाही आणि तो तेवीस गुणांनी पुढे आहे. दाजींनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे पडला न्हाई पायजे." दोन हंगाम वही घेऊन बसून मी जे शिकलो ते एवढंच होतं.

आता ट्रॅकच्या लांबीकडे परत या. रिव्हरहेडला बावीस गाड्या असतील तर शेवटून पहिला आलेल्यालाही २२ मिळतात. लाऊडनला चौतीस आल्या तर शेवटच्याला १०. एकाच तऱ्हेची धडक, पण एकीकडे ती बारा गुणांनी महाग पडते. म्हणून वेळापत्रकावर मोठ्या ट्रॅकच्या तारखांभोवती लाल गोल करा. हंगाम तिथे मोडतो. वर्तमानपत्री बातमीत हे कधी येत नाही, कारण बातमी जिंकणाऱ्याची असते.

हे काही नव्या पद्धतीचंच खूळ आहे असंही नाही. १९४८ च्या त्या पहिल्या हंगामात फॉन्टी फ्लॉकनं १५ शर्यती जिंकल्या आणि रेड बायरननं ११. चॅम्पियन झाला बायरन, अवघ्या ३२.७५ गुणांनी. तेव्हाची गुणपद्धत वेगळी होती, पण दाजींनी विचारला तो प्रश्न पहिल्याच वर्षी कुणी ना कुणी फ्लॉकच्या बाजूनं विचारलाच असणार.

पायरी चौथी: तक्ता वाचताना डोळा कुठे ठेवायचा

तक्त्यात क्रमांक, ड्रायव्हर, गुण, पुढच्यापेक्षा किती मागे, किती शर्यती खेळला, किती जिंकला, पहिल्या पाचात किती, पहिल्या दहात किती, असे रकाने असतात. नवखा माणूस जिंकलेल्यांच्या रकान्यात अडकतो. तुम्ही पहिल्या दहाच्या रकान्याकडे बघा आणि तो खेळलेल्या शर्यतींमधून वजा करा. जो आकडा उरतो ती त्याच्या वाईट रात्रींची संख्या. चॅम्पियन होणाऱ्याचा हा आकडा लहान असतो.

दुसरं, खेळलेल्या शर्यतींचा रकाना. काही नामांकित मंडळी फक्त मनाला येतील त्या शर्यतींना येतात. चार पळतात, दोन जिंकतात आणि तक्त्यात पंचविसाव्या जागी दिसतात. त्यांना कच्चे समजू नका. इथे गैरहजेरीला शून्य असतं, आणि ते शून्य शेवटच्या क्रमांकापेक्षाही वाईट.

तिसरं, ड्रायव्हरचा तक्ता वेगळा आणि गाडीमालकाचा वेगळा. मधेच ड्रायव्हर बदलला तर गाडीचे गुण गाडीकडे राहतात आणि ड्रायव्हरचे ड्रायव्हरबरोबर जातात. दोन्ही तक्ते शेजारी उघडले आणि आकडे जुळेनात, की बरेच जण इथेच डोकं धरून बसतात.

गुण सारखे झाले तर? जास्त विजय ज्याचे तो वर. तेही सारखे असतील तर दुसरे क्रमांक मोजतात, मग तिसरे. मोठ्या कप मालिकेत २०११ मध्ये हे शेवटच्या दिवशी खरोखर घडलं. टोनी स्टुअर्ट आणि कार्ल एडवर्ड्स दोघांचे २४०३ गुण झाले. स्टुअर्टचे विजय पाच, एडवर्ड्सचा एक. चषक स्टुअर्टकडे. म्हणजे विजयांना किंमत नाही असं नाही. ती किंमत सगळ्यात शेवटी वसूल होते, इतकंच.

आणि रात्रीचा तक्ता खरा मानू नका. शर्यतीनंतर गाड्यांची तपासणी होते. वजन, उंची, इंजिन, सगळं. त्यात बसली नाही तर गाडी बाद ठरते आणि जिंकलेलाही थेट तळाला जातो. मी एकदा रात्री साडेअकराला वहीत शाईनं लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून पेन्सिल वापरतो.

कप मालिकेत २०२५ पर्यंत शेवटच्या काही शर्यतींसाठी गुण पुन्हा जुळवून आघाडीच्यांना जवळ आणायची ‘प्लेऑफ’ नावाची भानगड होती. मॉडिफाइड टूरचा चॅम्पियन मात्र वर्षभराच्या सरळ बेरजेवर ठरत आलाय. फेब्रुवारीत गमावलेला गुण ऑक्टोबरात आठवतो. मला स्वतःला हेच जास्त आवडतं. प्लेऑफ म्हणजे वर्षभर अभ्यास करून शेवटी एका तोंडी परीक्षेवर निकाल लावण्यासारखं.

जुने तक्ते उघडाल तर

ही पायरी नाही, पण हिच्याशिवाय पुढचं फिकं वाटेल. १९९० च्या दशकातला तक्ता उघडलात तर एकेकाच्या नावावर हजारोंनी गुण दिसतील. घाबरू नका. नासकारच्या तेव्हाच्या पद्धतीत जिंकण्याला १७५ असत, दुसऱ्याला १७०, आणि खाली उतरताना अंतर आधी पाच, मग चार, मग तीन होत जाई. आकडे फुगलेले, तत्त्व तेच. माइक स्टेफानिक त्याच काळातला. त्यानं मॉडिफाइडची सात विजेतेपदं मिळवली. १९९७ आणि १९९८ मध्ये तर त्यानं मॉडिफाइड आणि बुश नॉर्थ (नासकारचीच ईशान्येतली दुसरी मालिका) या दोन्ही मालिका एकाच वर्षी जिंकल्या, तेही लागोपाठ दोन वर्षं. आत्ताच्या काळात डग कोबीची सहा विजेतेपदं आणि जस्टिन बॉनसिन्योरची २०१८, २०२०, २०२१, २०२४ ही वर्षं लक्षात ठेवलीत तरी पुरे.

१९८५ च्या मागे गेलात तर वेगळंच जग. तेव्हा फिरती मालिका नव्हतीच. ड्रायव्हरनं आठवड्यात जितके ट्रॅक गाठता येतील तितके गाठायचे आणि जमतील तितके गुण गोळा करायचे. शुक्रवारी एक गाव, शनिवारी दुसरं, रविवारी तिसरं, गाडी ट्रेलरवर आणि झोप ट्रकमध्ये. जत्रांच्या हंगामात कुस्तीचे पैलवान फडामागून फड गाठतात ना, तसं. जेफ बोडीननं १९७८ मध्ये ८४ शर्यतींत ५५ जिंकल्या, ज्याची गिनेस बुकात नोंद झाली. आणि त्या वर्षीचा राष्ट्रीय चॅम्पियन मात्र तो नव्हता.

तो होता रिची एव्हन्स. न्यूयॉर्क राज्यात रोम नावाचं गाव आहे, तिथला. नारिंगी गाडी, नंबर ६१. त्याच गावात जेरी कुक राहायचा, त्याचा नंबर ३८. १९७१ ते १९८५ या पंधरा वर्षांत राष्ट्रीय मॉडिफाइड विजेतेपद या दोघांच्या बाहेर एकदाही गेलं नाही. कुक सहा वेळा, एव्हन्स नऊ वेळा. कल्पना करा, पंधरा वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा एकाच गावातल्या दोन तालमींत फिरतेय! दोघं एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. अख्ख्या अमेरिकेतले गुण मोजून झाले की हिशोब पुन्हा त्या एका गावात येऊन मिटायचा.

१९८५ मध्ये मालिकेला आजचं रूप आलं: ठरावीक शर्यती, सगळ्यांना सारख्याच. कुक निवृत्त होऊन या मालिकेचा कारभार बघायला लागला आणि एव्हन्स पळत राहिला. शेवटची शर्यत मार्टिन्सव्हिलला होती. तिथे पोचेपर्यंत एव्हन्सचं विजेतेपद पक्कं झालं होतं. त्याला कोणी गाठू शकत नव्हतं. २४ ऑक्टोबरला सरावात त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. ४४ वर्षांचा होता. त्या वर्षीच्या तक्त्यात पहिलं नाव त्याचंच आहे. या टूरवर ६१ नंबर पुन्हा कोणाला दिलेला नाही. एखाद्या जुन्या ट्रॅकवर नारिंगी टोपी घातलेला म्हातारा दिसला आणि त्यावर ६१ असेल, तर त्याच्या शेजारी जागा पकडा. शर्यत सुरू होईपर्यंत दुसरं काही लागणार नाही.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष जा

अमेरिकेत ईशान्येला राहत असाल तर कारण सांगू नका. हार्टफर्डकरांना स्टॅफर्ड आणि थॉम्प्सन, बॉस्टनकरांना सीकॉन्क आणि लाऊडन, एडिसनच्या आपल्या मंडळींना वॉल स्टेडियम, लाँग आयलंडवाल्यांना रिव्हरहेड. वेळापत्रक दरवर्षी थोडं हलतं, तेव्हा आपला ट्रॅक यंदा यादीत आहे का ते आधी बघा.

जागा वरच्या ओळीतली घ्या. आपल्याला सवय पुढे घुसायची, मीही पहिल्या वेळी कुंपणाला नाक लावून बसलो. खालून फक्त समोरची सरळी दिसते, आणि घासलेल्या टायरचे काळे, मऊ, उडदाच्या दाण्याएवढे तुकडे केसांत, शर्टात, चिप्सच्या पाकिटात येऊन पडतात. ते अजून गरम असतात. घरी गेल्यावर बायकोनं शर्ट झटकला तेव्हा बेसिन काळं झालं होतं. वरून सगळा ट्रॅक ताटासारखा दिसतो आणि मागच्या बाकाला पाठही टेकते.

कानांत बोळे घाला, लहान मुलांना तर हेडफोनसारखी जाड झाकणं हवीतच. यात हयगय नको. बाकं ॲल्युमिनियमची असतात, एखादी सतरंजी न्या. एप्रिलमध्ये थॉम्प्सनला जी सुरुवातीची शर्यत होते तिला ‘आइसब्रेकर’ म्हणतात ते उगाच नाही. स्वेटर, टोपी, थर्मासमध्ये चहा. पाऊस आला तर शर्यत थांबते, कारण डांबरावर हे गुळगुळीत टायर पावसात चालत नाहीत. तेव्हा तिकीट टाकू नका. पुढच्या तारखेला ते चालतं का, हे खिडकीवर विचारा.

झेंडे दोन मिनिटांत कळतात. हिरवा सुरू, पिवळा सावकाश, लाल थांबा, पांढरा शेवटची फेरी, चौकटीचा संपलं. पण पिवळ्याकडे नीट बघा, खेळ तिथे असतो. पिवळा पडला की सगळे रांगेत येतात आणि प्रत्येकाला ठरवावं लागतं: आत जाऊन टायर बदलायचे, की बाहेरच राहून पुढची जागा धरून ठेवायची? टायर किती बदलायचे यावर बंधन असतं, म्हणून लवकर खर्च केले तर शेवटाला हात रिकामे. काही जण पिवळ्यात सगळे आत गेले तरी एक फेरी बाहेर थांबतात आणि मग आत जातात. वेडे नाहीत ते. ती एक फेरी पुढे राहिल्याचा एक गुण खिशात टाकतात. आणि एक फेरी मागे पडलेल्यांतला जो पहिला असतो, त्याला पिवळ्यात ती फेरी परत मिळते. बापूसारख्याची वाईट रात्र बरी होते ती अशीच. म्हणून आघाडीच्या दोन गाड्या सोडून, तक्त्यात पहिला असलेला आत्ता कितवा पळतोय, याच्यावर नजर ठेवायची सवय लावा.

शर्यत संपली की लगेच पार्किंगकडे पळू नका. बऱ्याच छोट्या ट्रॅकवर प्रेक्षकांना गाड्यांपर्यंत जाऊ देतात. दाजींनी एका गाडीच्या उघड्या चाकावर हात ठेवला, चटका बसला, हात मागे घेतला आणि मग पुन्हा ठेवला. तिथल्या मेकॅनिकनं त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं, दाजींनी मराठीत काहीतरी सांगितलं, आणि दोघं दहा मिनिटं टायरबद्दल बोलले.

पायरी सहावी: भारतातून बघायचं तर

अलीकडे ही मालिका इंटरनेटवर फ्लोरेसिंग या सेवेवर दिसते, पैसे भरून. अडचण घड्याळाची. तिथे शनिवारी संध्याकाळी सातला शर्यत सुरू झाली तर आपल्याकडे रविवारची पहाट, साडेचार. हे उन्हाळी वेळेचं गणित. फेब्रुवारीत न्यू स्मर्नाला त्यांची घड्याळं एक तास मागे असतात, म्हणून साडेपाच. आणि सातची शर्यत सातला सुरू होईलच असं नाही. आधीच्या लहान शर्यती लांबतात. साडेचारला उठून साडेपाचपर्यंत भलत्याच गाड्या बघत बसायची तयारी ठेवा.

उठणं जमणार नसेल तर निकाल बघा, पण दोन रकाने करून. एकात क्रमांक, दुसऱ्यात ४४ वजा क्रमांक. एका शर्यतीला पाच मिनिटं लागतात.

शेवटची रात्र

ऑक्टोबरात एक शर्यत उरली की पुढचा हिशोब करून ठेवा, मग मार्टिन्सव्हिलची शर्यत दुप्पट रंगते. समजा पहिला बारा गुणांनी पुढे आहे. दुसऱ्यानं सगळं काही जिंकलं तर त्याला ४८. मग पहिल्याला हवेत ४८ वजा १२, म्हणजे ३६. आणि ३६ म्हणजे आठवा क्रमांक. आठवा आला तर बरोबरी होते आणि मग विजय मोजावे लागतात. म्हणून त्यानं सातवं यायचं, किंवा आठवं येऊन कुठेतरी एक फेरी पुढे राहून घ्यायची. एवढं कागदावर लिहून समोर ठेवा. पुढे कोण आहे ते समालोचक सांगेल. तुम्ही सातव्या-आठव्या-नवव्या जागेवरची झटापट बघा.

गेल्या ऑक्टोबरात शर्यतीच्या रात्री फोन वाजला. वाळव्यात तेव्हा उजाडलंही नसेल. दाजी शर्यत बघत नव्हते, त्यांना फक्त एक विचारायचं होतं.

"पाव्हणं, तो वरचा कितवा पळतोय आत्ता?"

"नववा."

"मग अजून दोन काढल्या पायजेत की."